मोघम बोलण्याची किंमत: सहकाऱ्याला चूक सांगताना आणि वाद शांत करताना

देव दत्त हे सीमा सडक अभियांत्रिकी सेवेत कार्यकारी अभियंता होते. त्यांच्या १९९३-९४ या वर्षाच्या गोपनीय अहवालात वरिष्ठांनी ‘चांगला’ असा शेरा दिला होता. शेरा प्रतिकूल नसल्यामुळे तो त्यांना कळवण्यात आला नाही, कारण प्रतिकूल शेरे तेवढे कळवायचे अशीच तेव्हा पद्धत होती. अधीक्षक अभियंता या पदावरील बढतीसाठी मात्र आधीच्या पाच वर्षांचे शेरे ‘खूप चांगला’ असे असणे आवश्यक होते. त्या एका ‘चांगला’मुळे त्यांची बढती अडली आणि त्यांच्याहून कनिष्ठ असलेले पुढे गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. अहवालातील प्रत्येक नोंद, मग ती अनुकूल असो वा प्रतिकूल, संबंधित कर्मचाऱ्याला वाजवी मुदतीत कळवली पाहिजे, म्हणजे त्याला कामात सुधारणा करता येईल किंवा त्या नोंदीवर हरकत घेता येईल, असा निकाल न्यायालयाने १२ मे २००८ रोजी दिला. तोपर्यंत देव दत्त सेवेतून निवृत्त झाले होते.

कायद्याच्या अभ्यासकांना हा निकाल पारदर्शकतेविषयीचा वाटतो, आणि तो तसा आहेच. पण कामाच्या ठिकाणी आपण एकमेकांशी कसे बोलतो याविषयीही तो बरेच काही सांगतो. एका माणसाच्या कामाबद्दल वरिष्ठाचे काही मत झाले, ते मत त्याने एका गुळगुळीत शब्दात बंद केले, आणि ज्याच्याविषयी ते मत होते त्याला सोडून बाकी सगळ्यांच्या हाती तो कागद गेला. ‘खूप चांगला’ होण्यासाठी काय कमी पडले, कोणत्या कामात, कोणत्या महिन्यात, हे त्या शब्दातून कोणालाच कळण्यासारखे नव्हते.

अप्रिय गोष्ट कशी सांगावी, या प्रश्नावर आपल्याकडे दोन तट पडतात. एकाचे म्हणणे असते की तोंडावर स्पष्ट बोलावे, मनात काही ठेवू नये. दुसऱ्याचे म्हणणे असते की गोडीगुलाबीने घ्यावे, माणूस दुखावता कामा नये. मी स्वतः बरीच वर्षे पहिल्या तटात होतो आणि त्याचा मला अभिमानही होता. आता हा वादच फारसा कामाचा नाही असे वाटते, कारण कडक बोलणारा आणि गोड बोलणारा हे दोघेही बहुतेक वेळा सारखेच मोघम बोलत असतात. “तुझं कामात लक्षच नाही” हे वाक्य कडक आहे आणि मोघम आहे. “एकंदरीत छान चाललंय, फक्त जरा लक्ष दे” हे वाक्य गोड आहे आणि तितकेच मोघम आहे. दोन्ही ऐकून झाल्यावर उद्या सकाळी कामावर आल्यावर नेमके काय वेगळे करायचे, हे ऐकणाऱ्याला ठाऊक नसते. स्पष्टवक्तेपणा आणि नेमकेपणा हे वेगवेगळे गुण आहेत. पहिल्याला धिटाई पुरते, दुसऱ्याला आधी थोडा गृहपाठ करावा लागतो.

बोअर मोठा झाला, त्याची गोष्ट

भोसरी-चाकण पट्ट्यातील एखादे मशीन शॉप डोळ्यांसमोर आणू. ३२ मिलिमीटर व्यासाचा बोअर, म्हणजे धातूतले गोल भोक, कापायचा आहे आणि ड्रॉइंगप्रमाणे तो फार तर २५ मायक्रॉनने, म्हणजे मिलिमीटरच्या २५ हजारांशांनी, मोठा चालतो. कापता कापता इन्सर्टची, म्हणजे बदलता येणाऱ्या कापणाऱ्या तुकड्याची, धार झिजते, बोअर किंचित लहान येऊ लागतो, म्हणून ऑपरेटर मशीनमध्ये थोडा थोडा ऑफसेट, म्हणजे मापाची भरपाई, देत जातो. पहिली पाळी संपत आली असताना त्याने नवा इन्सर्ट लावला, पण झिजेसाठी दिलेला जुना ऑफसेट काढायचा राहिला, आणि पहिला नग मोजून न पाहता मशीन सुरू झाले. बोअर लहान राहिला असता तर पुन्हा कापता आला असता. मोठा झालेला बोअर म्हणजे भंगार. दुसऱ्या पाळीत क्वालिटीच्या माणसाने तपासले तोवर ४० नग गेले होते, लॉट ‘होल्ड’वर पडला आणि डिस्पॅचची गाडी दारात उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर ऑपरेटरला म्हणतो, “तुला कितीदा सांगितलं, तुझा हा हलगर्जीपणा काही जायचा नाही.” या वाक्यात घडलेली गोष्ट कुठेच नाही. ‘कितीदा’ म्हणजे किती वेळा हे दोघांनाही माहीत नाही, ‘हलगर्जीपणा’ हे माणसाच्या स्वभावाला दिलेले नाव आहे, आणि ‘जायचा नाही’ हे भविष्य आहे. ऐकणाऱ्यापुढे आता एकच काम उरते, ते म्हणजे आपण हलगर्जी नाही हे सिद्ध करणे. तो मागच्या महिन्यात पुरे केलेले टार्गेट काढतो, रविवारी ओव्हरटाइमला आलो होतो हे काढतो, शेजारच्या मशीनवर काय काय चालते तेही काढतो. दहा मिनिटांत बोलणे बोअरपासून इतके दूर गेलेले असते की परत आणणे कठीण होते.

त्याऐवजी सुपरवायझरने रजिस्टर उघडून असे म्हटले असते तर? “काल तीन वाजता इन्सर्ट बदलला, त्यानंतर पहिला नग मोजल्याची नोंद नाही. ऑफसेट तसाच राहिला, ४० नग भंगारात गेले आणि संध्याकाळची गाडी थांबली. त्या वेळी काय झालं होतं?” यात वेळ आहे, डोळ्यांना दिसणारी गोष्ट आहे, तिचा परिणाम आहे, आणि शेवटी खराखुरा प्रश्न आहे. अमेरिकेतील सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप ही संस्था ‘प्रसंग, वर्तन आणि परिणाम’ या क्रमाने बोलायला शिकवते, ते यापेक्षा फारसे निराळे नाही. माझ्या मते या रचनेत सर्वांत महत्त्वाचा आहे तो शेवटचा प्रश्न, आणि नेमका तोच बहुधा गाळला जातो, कारण विचारणाऱ्याला वाटते की उत्तर आपल्याला माहीत आहे.

ते माहीत नसते. ऑपरेटरचे उत्तर असे येऊ शकते: “मशीनवरचा बोअर गेज कॅलिब्रेशनला गेलाय, दुसरा क्वालिटीच्या कपाटात कुलपात असतो. किल्लीवाले जेवायला गेले होते.” म्हणजे बोअर मोजायचे साधनच हाताशी नव्हते. एका उत्तरात प्रकरणाचे रूप बदलले. ऑपरेटरची चूक पुसली गेली असे नाही, कारण गेज मिळेपर्यंत मशीन थांबवता आले असते. पण टार्गेट डोक्यावर असताना मशीन थांबवायची मुभा त्याला खरोखर होती का, हा प्रश्न आता सुपरवायझरकडे वळला आहे.

दुसऱ्याच्या चुकीचे कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि स्वतःच्या चुकीचे कारण परिस्थितीत, हा माणसांचा जुना कल आहे. यातील पहिल्या भागाला, म्हणजे दुसऱ्याची परिस्थिती विसरून त्याच्या स्वभावावर बोट ठेवण्याच्या सवयीला, समाजमानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये ‘कारणमीमांसेतील मूलभूत चूक’ अशा अर्थाचे नाव दिले. आपल्याला उशीर झाला तर नवले पुलावर ट्रॅफिक होते. दुसऱ्याला झाला तर त्याला वेळेची शिस्त नाही.

सांगितल्याने सुधारणा होतेच असे नाही

चूक सांगितली की माणूस सुधारतो, या समजावर बहुतेक कचेऱ्यांचा कारभार चालतो. अव्राहम क्लूगर आणि अँजेलो डेनिसी या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये या विषयावरील जुने अभ्यास एकत्र करून ६०७ तुलना तपासल्या. त्यांमागे २३ हजारांहून अधिक निरीक्षणे होती. सरासरीने पाहिले तर अभिप्राय दिल्यावर काम सुधारलेले दिसत होते. परंतु एक तृतीयांशाहून अधिक तुलनांमध्ये अभिप्राय दिल्यावर काम पूर्वीपेक्षा बिघडले होते. म्हणजे काहीच बोलले नसते तर बरे झाले असते, अशी ती प्रकरणे होती.

याचे त्यांनी दिलेले स्पष्टीकरण असे की अभिप्राय माणसाचे लक्ष एका ठिकाणाहून दुसरीकडे नेतो. ते लक्ष कामाच्या तपशिलाकडे गेले तर उपयोग होतो. ते ‘मी कसा आहे, लोक मला काय समजतात’ या विचाराकडे गेले तर माणसाची शक्ती स्वतःला सावरण्यात खर्च होते आणि कामासाठी उरत नाही. यातील महत्त्वाचा भाग हा की स्तुतीलाही हेच लागू पडते. “तू आमचा हिरा आहेस” हे ऐकायला गोड असले तरी त्यातून कोणते काम चांगले झाले ते कळत नाही, आणि हिऱ्याला पुढच्या वेळी चूक कबूल करणे जड जाते.

या कामी मराठीने आपल्याला एक सोय करून ठेवलेली आहे. “तू ऑफसेट काढायला विसरलास” आणि “ऑफसेट काढायचा राहून गेला” ही दोन वाक्ये एकाच घटनेची आहेत. पहिल्यात माणूस पुढे उभा आहे, दुसऱ्यात वस्तू. बोलायला सुरुवात करताना दुसरी रचना फार उपयोगी पडते, कारण दोघांचीही नजर एकमेकांवर न राहता मशीनवर जाते. मात्र हीच सोय पळवाटही होते. ‘राहून गेलं’, ‘होऊन गेलं’, ‘बघून घेऊ’, ‘करून टाकू’ ही आपल्या कचेऱ्यांतील लाडकी क्रियापदे आहेत आणि त्यांपैकी एकातही कोण, केव्हा आणि काय हे सापडत नाही. म्हणून बोलणे वस्तूपासून सुरू करावे आणि माणसाच्या तोंडच्या वाक्यावर संपवावे: “उद्यापासून इन्सर्ट बदलल्यावर पहिला नग मी मोजीन आणि रजिस्टरात वेळ लिहीन, गेज नसेल तर मशीन थांबवून तुम्हाला फोन करीन.” हे वाक्य ऑपरेटरने स्वतः म्हणायला हवे. सुपरवायझरने त्याच्या वतीने म्हटले आणि त्याने मान डोलावली, एवढ्याने काही ठरत नाही.

व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणवर्गांत सँडविच नावाची एक युक्ती शिकवतात: आधी स्तुती, मध्ये चूक, शेवटी पुन्हा स्तुती. माझा तिच्यावर फारसा विश्वास नाही. दोन-तीन वेळा अनुभव आला की ऐकणारा पहिल्या स्तुतीलाच सावध होतो, आणि ज्याला वाईट ऐकायचे नसते तो दोन्हीकडच्या पोळ्या खाऊन मधले सारण ताटात ठेवतो. चांगल्या कामाबद्दल जे म्हणायचे ते त्या कामाच्या दिवशी म्हणावे. चुकीची चव घालवण्यासाठी ते राखून ठेवू नये.

चूक एकट्याला गाठून सांगावी हे सर्वांना माहीत आहे, तरी प्रत्यक्षात ‘लेकी बोले सुने लागे’ हाच प्रकार अधिक चालतो. बैठकीत सर्वांसमोर साहेब म्हणतात, “काही जणांना वेळेचं भान राहिलेलं नाही.” किंवा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रात्री साडेदहाला संदेश येतो की काही सहकारी नियम गांभीर्याने घेत नाहीत. असे बोलणाऱ्याला वाटते की आपण कोणाचे नाव न घेता सभ्यपणे सांगितले. प्रत्यक्षात ज्याला ते लागायला हवे तो आरामात अंगठ्याचे चिन्ह पाठवून मोकळा होतो, आणि रोज वेळेवर येणारी एखादी हळवी व्यक्ती रात्रभर विचार करत बसते की परवा पाच मिनिटे उशीर झाला होता, तो टोमणा माझ्यासाठी तर नव्हता. वर्षभर गप्प राहून अप्रेझलच्या दिवशी मार्चपासूनची यादी वाचणे हाही याच जातीचा प्रकार आहे.

वर बोलताना

आतापर्यंत वरिष्ठाने कनिष्ठाला सांगण्याविषयी लिहिले. उलट दिशेने बोलणे अधिक अवघड असते, आणि तिथे मोघमपणाची किंमत किती मोठी होऊ शकते हे विमानवाहतुकीच्या इतिहासात नोंदलेले आहे.

२८ डिसेंबर १९७८ रोजी युनायटेड एअरलाइन्सचे १७३ क्रमांकाचे उड्डाण अमेरिकेतील पोर्टलँड शहराजवळ पोहोचले, तेव्हा उतरण्यापूर्वी चाके बाहेर काढताना वैमानिकांना बिघाडाची शंका आली. विमानात १८९ माणसे होती. कॅप्टन अनुभवी होते आणि चाकांची अवस्था तपासण्यात व प्रवाशांना आणीबाणीच्या उतरणीसाठी तयार करवून घेण्यात ते गुंतले. विमान सुमारे तासभर विमानतळाच्या आसपास घिरट्या घालत राहिले. सहवैमानिक आणि फ्लाइट इंजिनिअर यांना इंधन घटत असल्याचे दिसत होते आणि त्यांनी इंधनाचा उल्लेख अधूनमधून केलाही. पण ‘आता उतरलो नाही तर इंजिने बंद पडतील’ हे त्या उल्लेखांतून कॅप्टनपर्यंत वेळेत पोहोचले नाही. इंजिने एकामागून एक बंद पडली, विमान शहराच्या उपनगरात कोसळले आणि १० जणांचा मृत्यू झाला. चौकशीत कॅप्टनच्या दुर्लक्षाबरोबरच इतर दोघांनी आपली काळजी पुरेशा स्पष्टपणे मांडली नाही, हेही नोंदवले गेले. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, नासाने भरवलेल्या कार्यशाळेतून वैमानिकांच्या आपसातील संवादाचे प्रशिक्षण आकाराला आले, आणि आज जगभरातील विमान कंपन्यांत ते दिले जाते.

त्या प्रशिक्षणाचा गाभा कोणत्याही कचेरीत वापरता येण्यासारखा आहे. आधी समोरच्याला नावाने किंवा पदाने हाक मारून त्याचे लक्ष वेधायचे, मग आपली काळजी सरळ शब्दांत सांगायची, तिच्यामागची वस्तुस्थिती मांडायची, आपल्याला सुचणारा मार्ग सांगायचा आणि उत्तर मागायचे. “साहेब, ते बोअरचं तेवढं जरा बघायला पाहिजे” असे पुटपुटून निघून जाण्यापेक्षा, “साहेब, हा लॉट आत्ता पाठवू नये असं मला वाटतं. मी दहा नग मोजले, चारांचा बोअर मोठा आहे. रात्री दहापर्यंत वेळ दिला तर चांगले नग वेगळे काढून देतो. चालेल का?” असे म्हटले तर त्यात अनादर कुठेही नाही, आणि साहेबांना हो किंवा नाही यांपैकी काहीतरी म्हणावेच लागते. आदर आणि अस्पष्टता यांची आपण इतकी सवयीने सांगड घातली आहे की ज्येष्ठांशी बोलताना वाक्य अर्धे सोडून देणे हीच नम्रता वाटू लागते.

भांडण पेटते तेव्हा

आता त्याच मशीन शॉपमध्ये संध्याकाळी सहा वाजता काय झाले असेल ते पाहू. गाडी उभी आहे, ड्रायव्हर हॉर्न वाजवतो आहे. प्रॉडक्शनचा प्रमुख म्हणतो की क्वालिटीवाले नेहमीच ऐन वेळी अडवतात. क्वालिटीचा प्रमुख म्हणतो की प्रॉडक्शनवाल्यांना कधीच नग मोजायचे नसतात. ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ हे दोन शब्द आले की समजावे की आता बोलणे आजच्या लॉटचे राहिलेले नाही.

मराठी माणसांच्या भांडणात यापुढचा टप्पा ओळखण्याची एक अचूक खूण आहे: सर्वनाम बदलते. एरवी ‘तुम्ही’ म्हणणारा ‘तू’वर येतो, “तू मला शिकवू नकोस.” किंवा उलट, पंधरा वर्षे ‘अरे-तुरे’ असलेला मित्र अचानक थंडपणे म्हणतो, “तुम्ही मोठे माणूस, तुमचं बरोबरच असणार.” पहिल्या प्रकारात अपमान उघड असतो, दुसऱ्यात नाते तोडल्याची सूचना असते; आणि माझ्या अनुभवात दुसरा प्रकार भरून यायला जास्त वेळ लागतो. सर्वनाम बदलल्याचे कानावर पडताच मुद्द्याची चर्चा तिथेच थांबवावी, कारण त्यानंतर मुद्दा कोणी ऐकत नसते.

ऐकत नसते, याला शारीरिक कारण आहे. धोका जाणवला की मेंदूतील अमिग्डला नावाचा छोटा भाग सक्रिय होतो, ॲड्रिनलीन स्रवते, हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताणले जातात. समोर वाघ असताना ही तयारी उपयोगाची असते. समोर क्वालिटीचा माणूस आणि त्याच्या हातातील, लॉट अडवणारा लाल टॅग असताना नसते, पण शरीर हा फरक करत नाही. अशा अवस्थेत बारकावे तोलून पाहण्याची क्षमता काही वेळ मंदावते. शरीर पूर्वपदावर यायला काही मिनिटे तरी जाऊ द्यावी लागतात, आणि त्या मिनिटांत कितीही बिनतोड युक्तिवाद केला तरी तो वाया जातो.

म्हणून आपल्याकडची “आधी चहा घेऊ” ही प्रथा मला शहाणपणाची वाटते. तिच्यात जागा बदलते, हाताला काम मिळते, आवाज खाली येतो. अट एवढीच की चहानंतर बोलणे झाले पाहिजे. पुष्कळ ठिकाणी चहा होतो, खांद्यावर हात टाकला जातो, “सोडून द्या हो” म्हटले जाते, आणि तोच वाद पुढच्या शनिवारी पुन्हा उभा राहतो.

“शांत व्हा” हे वाक्य शांत करण्याच्या कामी जवळपास निरुपयोगी आहे; त्यातून ‘तुमचे चिडणे अवाजवी आहे’ एवढेच ऐकू जाते. त्यापेक्षा समोरच्याला काय झाले आहे ते शब्दांत मांडणे अधिक उपयोगी पडते. मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, भावनेने भरलेले चेहरे पाहताना लोकांनी त्या भावनेला शब्दात नाव दिले तेव्हा त्यांच्या अमिग्डलाची प्रतिक्रिया कमी झालेली आढळली. तो प्रयोग चित्रांवरचा होता, प्रत्यक्ष भांडणावरचा नव्हता, तेव्हा त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण अनुभवाशी तो जुळतो. फक्त नाव देताना समोरच्याच्या मनावर निदानाची चिठ्ठी चिकटवू नये. “तुम्ही चिडलेले आहात” या वाक्याने माणूस आणखी चिडतो. “गाडी दारात उभी असताना लॉट अडला, आता कस्टमरला तोंड तुम्हाला द्यायचं आहे, हेच ना?” या वाक्याने बहुधा एक सुस्कारा बाहेर पडतो आणि “तेच तर सांगतोय कधीचा” असे उत्तर येते. या वाक्याने लॉट सोडला गेलेला नाही किंवा कोणी माघारही घेतलेली नाही. समोरच्याची अडचण आपल्याला नेमकी समजली आहे एवढेच सिद्ध झाले आहे.

यानंतर खरे काम सुरू होते, आणि त्याविषयी मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकी विचारवंत बाईंइतके स्वच्छ क्वचितच कोणी सांगितले असेल. १९२५ मधील एका व्याख्यानात त्यांनी म्हटले की संघर्ष मिटवण्याच्या तीन वाटा असतात. एक बाजू दुसरीवर मात करते. किंवा दोघेही थोडे थोडे सोडतात, ज्याला आपण तडजोड म्हणतो. किंवा दोघांनाही काही न सोडता जे हवे ते मिळेल अशी तिसरी मांडणी सापडते. तिसऱ्या वाटेसाठी त्यांनी दुग्ध उत्पादकांच्या एका सहकारी संघाचे उदाहरण दिले, जे दूध घेऊन पहाटे संकलन केंद्रावर रांगेत उभे राहणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला लगेच पटेल. डेअरी उतारावर होती. डेअरीच्या फलाटावर दुधाचे कॅन आधी कोणी उतरवायचे, डोंगरावरून खाली येणाऱ्यांनी की खालून चढून येणाऱ्यांनी, यावरून संघ फुटायची वेळ आली होती. दोन्ही बाजू ‘आधी आम्ही की आधी ते’ याच दोन पर्यायांत अडकल्या होत्या. बाहेरच्या एका माणसाने सुचवले की फलाटाची जागाच बदला, म्हणजे दोघांनाही एकाच वेळी कॅन उतरवता येतील. भांडण संपले.

सर्वच वाद असे सुटत नाहीत, हे फॉलेट यांनीच स्पष्ट केले होते. तरीही प्रयत्न कुठून सुरू करायचा ते यातून कळते: मागणी बाजूला ठेवून तिच्यामागची गरज नेमक्या शब्दांत विचारायची. आपल्या मशीन शॉपमध्ये प्रॉडक्शनची मागणी होती की कपाटाची किल्ली आमच्याकडे द्या, आणि क्वालिटीची मागणी होती की किल्ली आमच्याकडेच राहणार. तडजोड म्हणून दोन किल्ल्या करता आल्या असत्या आणि दोघेही धुसफुसत राहिले असते. गरज विचारल्यावर कळले असते की क्वालिटीला भीती आहे ती गेज पडून बिघडण्याची आणि ऑडिटमध्ये कॅलिब्रेशनची नोंद न जुळण्याची, तर प्रॉडक्शनला हवे आहेत ते इन्सर्ट बदलल्यावर पाच मिनिटांच्या आत मिळणारे माप. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतच नाहीत. मशीनशेजारी स्टँडवर ठेवलेला एक जादा गेज, त्याच्यासोबत गेज जुळवून घेण्याची सेटिंग रिंग, आणि दर पाळीला घेणाऱ्या-देणाऱ्याची सही, एवढ्यात किल्लीचा प्रश्न नाहीसा होतो.

हे दोघांना एकमेकांकडून काढून घेता येत नसेल तर तिसरा माणूस लागतो. त्याने पंच व्हायचे नसते. पंच निकाल देतो, आणि निकाल लागला की एक हरलेला माणूस तयार होतो. तिसऱ्याने आधी दोघांना वेगवेगळे ऐकावे, प्रत्येकाचे म्हणणे त्याच्याच समोर स्वतःच्या शब्दांत मांडून दाखवावे, आणि “हो, मला हेच म्हणायचं होतं” असे उत्तर येईपर्यंत पुढे जाऊ नये. मगच एकत्र बसवावे. एकत्र बसल्यावर ‘नेहमी’ हा शब्द आला तर एकच प्रश्न विचारावा: शेवटचे कधी झाले होते? तारीख निघाली की बोलणे पुन्हा जमिनीवर येते.

काही प्रसंग मात्र समजुतीने मिटवण्याचे नसतातच, आणि ‘आपसात बोलून घ्या’ हा सल्ला तिथे अन्यायाचा ठरतो. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाल्याची तक्रार असेल तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असली पाहिजे आणि तक्रार तिच्यापुढे गेली पाहिजे. त्या कायद्यात समेटाची तरतूद आहे, पण तो फक्त तक्रारदार स्त्रीने स्वतः मागितला तरच करता येतो, आणि पैशांच्या देवघेवीवर करता येत नाही. जातीवरून अपमान, मारहाण, पैशांची अफरातफर हे प्रसंगही समजुतीने मिटवण्याचे नसतात. तिथे चहा न सांगता लेखी तक्रार घ्यावी.

उरतो तो बोलून झाल्यानंतरचा आठवडा, ज्याकडे फारसे कोणी पाहत नाही. ऑपरेटरने जे वाक्य उच्चारले होते त्याचे पुढे काय झाले, हे सुपरवायझरने रजिस्टर उघडून पाहायला हवे. समजा आठवडाभरात इन्सर्ट अकरा वेळा बदलला आणि पहिल्या नगाची नोंद दहा वेळा सापडली. “तू पुन्हा विसरलासच” असे म्हणणे तोंडावर येईल, “छान, बरीच सुधारणा आहे” असेही येईल. दोन्ही बाजूला ठेवून, स्टँडवरच्या गेजशेजारी उभे राहून त्याला एवढेच म्हणता येते: “दहा नोंदी आहेत, वेळेसकट. बुधवारी दुपारची एक नाही. त्या वेळी काय झालं होतं?”